दुपारी तुटणारं नेट

तेजस्विनीनं नेटचं डोंगल लॅपटॉपला लावलं आणि पडद्यावर सीडीचं चित्र उमटलं. तिनं डोंगल काढलं, ओढणीनं पुसलं, दुसऱ्या बाजूच्या भोकात घातलं. पुन्हा सीडीच. त्या लॅपटॉपला सीडी घालायची जागासुद्धा नव्हती, तरी तो विचारत होता की सीडी आली आहे, उघडू का? नेटचं मात्र नाव नाही.

तिचं घर तेलंगणातल्या बेल्याच्या पुढे, पैनगंगेच्या अलीकडच्या एका गावात. नदी ओलांडली की महाराष्ट्र. इथली पोरं घरात मराठी बोलतात, शाळेत तेलुगू गिरवतात आणि बाजारात हिंदीत भाव करतात. तेजस्विनीही तशीच वाढली होती. आदिलाबादला बीएस्सी झाली आणि हैदराबादच्या एका कंपनीत तिला काम मिळालं. लोकांच्या बोलण्याचे तुकडे कानात ऐकायचे आणि जसंच्या तसं टाईप करायचं. या भागातली मराठी ऐकून लिहिणारं माणूस कंपनीला सापडत नव्हतं. शहरातल्या मुलींना ‘काऊन’ म्हणजे ‘का’ आणि ‘करून राह्यलो’ म्हणजे ‘करतोय’ हे कळत नसे. तिला ते आईच्या दुधाबरोबर आलेलं.

हैदराबादला जायची तिची बॅग भरून तयार होती, तेव्हाच अमर गेला. अमर तिचा मोठा भाऊ. आदिलाबादच्या एका गॅरेजात गाड्यांचं वायरिंग करायचा. एका संध्याकाळी तो मोटारसायकलवर घरी येत असताना रस्त्याच्या कडेला कापसाची एक ट्रॉली उभी होती. तिला मागे ना दिवा, ना लाल फडकं. ती त्याला दिसलीच नाही.

माय, म्हणजे गयाबाई, त्या दिवसापासून अर्धी झाली. वडील उत्तमराव मात्र रडले नाहीत. त्यांनीच पोराला अग्नी दिला, दिवस केले आणि दुसऱ्या सकाळी फवारणीचा पंप पाठीला लावून कापसात गेले. गावातले काही जण त्यांना दगडाचा माणूस म्हणाले. घरात अमरचं नाव निघालं की ते उठून गोठ्याकडे जात. मग ते नाव निघणंच बंद झालं.

अशा घरातून तेजस्विनी कुठली हैदराबादला जाणार? तिनं कंपनीतल्या मॅडमना फोन करून सांगितलं की यायला जमणार नाही. मॅडम म्हणाल्या, घरून कर, पण रोजचं काम रोज नेटवर चढवायचं. नेट चांगलं पाहिजे.

नेटचीच तर बोंब होती. तिच्या फोनला अंगणात उभं राहिलं तर सिग्नलची एखादी काडी दिसायची, घरात शिरलं की तीही जायची. गावात एकाच मोबाईल कंपनीचं सिग्नल धड पोहोचायचं, तेही नदीपलीकडच्या टॉवरवरून. आणि त्या कंपनीचं घरातलं एकमेव सिम होतं अमरचं. त्याचा फोन चुरा झालेला होता, पण आतलं सिम शाबूत होतं, आणि त्यानं जायच्या थोडंच आधी वर्षभराचं रिचार्ज मारून ठेवलेलं होतं.

माय पाण्याला गेली असताना तेजस्विनीनं पेटीतून तो फुटका फोन काढला आणि टाचणीनं सिम बाहेर ओढलं. हे घरात सांगायचं कसं, ते तिला सुचलं नाही. सांगितलं तर माय पुन्हा रडत बसेल, बाबा गोठ्याकडे जातील. म्हणून तिनं कोणालाच सांगितलं नाही. आदिलाबादहून एक जुनं डोंगल आणलं आणि सिम त्यात घातलं. डोंगल लांब वायरीनं छपराच्या कडेला टांगता येतं, तिथं सिग्नल मिळतं, असा तिचा हिशेब होता.

आणि आता ते डोंगल स्वतःला सीडी म्हणवून घेत होतं.

तिनं अंगणात येऊन रूपालीला फोन लावला. रूपाली तिची कॉलेजातली मैत्रीण, आदिलाबादला कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात बसायची. तेजस्विनीच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज धापा टाकायला लागलं तेव्हा तिनंच त्यावर लिनक्स घालून दिलं होतं.

"लिनक्सवर तसंच होते," रूपाली म्हणाली. "त्या डोंगलच्या पोटात विंडोजवाल्याइचं सॉफ्टवेअर भरून असते. लावलं की ते आधी सीडी बनून तेच दाखवते. विंडोज ते सॉफ्टवेअर चढवते आन् मंग डोंगलले सांगते, आता मोडेम हो. लिनक्सवर ते सॉफ्टवेअर चालतच नाई, तं त्याले सांगणार कोण?"

"मंग म्या काय करू?"

"तूच सांग त्याले. मोडस्विच नावाचं एक लहानसं सॉफ्टवेअर आहे, ते टाक."

अंगणातल्या एका काडीच्या भरवशावर ते उतरवायला अर्धी सकाळ गेली. मग रूपालीनं सांगितलेली कमांड मारली. डोंगलचा दिवा विझला. तेजस्विनीला वाटलं, मेलं. तेवढ्यात तो पुन्हा लुकलुकला, पडद्यावरची सीडी गेली आणि यादीत त्याच डोंगलचं नाव नव्या नंबरानं आलं. आता ते मोडेम झालं होतं. पण जोडायला गेलं तर जोडेना. सिमकंपनीचं जे नाव सेटिंगमध्ये भरायचं असतं, ते तिनं चुकीचं भरलेलं. ते दुरुस्त केलं. वायर खिडकीतून बाहेर काढून डोंगल छपराच्या बांबूला बांधलं, वरून प्लास्टिकची पिशवी चढवली. आणि नेट सुरू झालं.

त्या दिवशी ती कितीतरी दिवसांनी गुणगुणत भाकरी थापायला बसली. गयाबाई तिच्याकडे बघत राहिली.

काही दिवस बरे गेले. मग दुपारचं नेट तुटायला लागलं.

सकाळी ठणठणीत चालायचं. दुपारी जेवणाच्या सुमारास, नेमकं काम चढवताना, खटकन जायचं. थोड्या वेळानं आपोआप परत यायचं, पण तोवर चढत असलेली फाईल अर्ध्यात मेलेली असायची आणि सगळं पहिल्यापासून करावं लागायचं. पहिल्यांदा तिनं टॉवरला शिव्या दिल्या. मग उन्हाला, डोंगल तापत असेल म्हणून ते सावलीच्या बाजूला बांधलं. मग वायरीला, आखूड वायर लावून बघितली. रूपाली म्हणाली, वीज वाचवायला लिनक्स मधूनच यूएसबीला झोपवतं, ते बंद कर. तिनं बंद केलं. दुसऱ्या दुपारी नेट पुन्हा गेलं.

हैदराबादच्या मॅडम हिंदीत बोलल्या, आवाज न चढवता. रोज एक फाईल कमी येतेय, असंच चाललं तर दुसरं कोणी बघावं लागेल. फोन ठेवल्यावर तेजस्विनीनं लगेच रूपालीला फोन लावला.

"आता एकच राह्यलं," रूपाली म्हणाली. "डोंगल काय बोलते ते ऐक. त्याले दोन-तीन दारं असतात. एका दारातून नेट येते, दुसऱ्यातून त्याच्याशी बोलता येते. ते दार उघडून ठेव. नेट गेलं की काय लिहून येते ते पाय."

तेजस्विनीनं टर्मिनलची काळी खिडकी उघडली, रूपालीनं सांगितलेलं टाईप केलं. एटी, एंटर. खाली उत्तर आलं, ओके. एवढ्याशा यंत्रानं उत्तर दिलं याचीच तिला गंमत वाटली. तिनं ती खिडकी तशीच उघडी ठेवली, कानाला हेडफोन लावला आणि कामाला लागली.

दुपार झाली. माय वडलांची भाकर घेऊन वावरात जाऊन आली आणि पडवीत आडवी झाली. तेजस्विनीनं फाईल चढवायला लावली आणि अंगणात जाऊन रूपालीला फोन लावला, तो हातात धरून उंबऱ्याशी उभी राहिली, तिथून पडदा दिसत होता.

काळ्या खिडकीत इंग्रजी मोठ्या अक्षरांत एक शब्द उमटला. रिंग.

थोड्या वेळानं त्याच्या खाली पुन्हा तोच. रिंग. त्याच क्षणी फाईलची हिरवी पट्टी थांबली.

"रूपे, इथं रिंग लिहून आलं."

पलीकडे रूपाली एकदम हसली. "अगं, म्हणजे फोन येऊन राह्यला त्या सिमवर. फोन आला की ते डोंगल नेट सोडते आन् फोन पकडाले धावते. जुन्या डोंगलचं तसंच असते. म्हंजे भूतबीत काई नाई, कोणीतरी रोज फोन करते."

"यावर कोण फोन करंल?"

"कंपनीवाले असतील, लोनवाले असतील. उचलून पाय ना. एटीए टाईप कर, उचलल्या जाते."

तेजस्विनी आत धावली. रिंग, रिंग, एकाखाली एक शब्द येत होते. तिनं एटीए टाईप केलं आणि एंटर दाबलं. शब्द यायचे थांबले. फोन उचलला गेला होता. पण डोंगलला ना स्पीकर, ना माईक. आवाज यायचा कुठून आणि जायचा कुठे? ती नुसती पडद्याकडे बघत राहिली. फोन ठेवला जाईना. लोनवाला असता तर एव्हाना कंटाळून गेला असता. बराच वेळ गेला, मग खाली लिहून आलं की पलीकडच्यानं फोन ठेवला, आणि नेट परत आलं.

तिनं अंगणात येऊन पुन्हा फोन लावला. "उद्या नंबर पाहू," रूपाली म्हणाली. "नंबर दाखवायची कमांड वेगळी असते, ते आधी चालू करून ठेव. मंग त्याले ब्लॉक करू."

तेजस्विनीच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. दुखणं सापडलं होतं.

त्या संध्याकाळी उत्तमराव दिवस असतानाच घरी आले. बैल बांधले नाहीत, तसेच दावणीपाशी सोडून दिले. हातपाय न धुता अंगणातल्या बाजेवर बसले. गयाबाईनं पाणी आणून दिलं तर तांब्या हातात धरून राहिले. चेहरा असा, जणू कोणी अंगावर गार पाणी ओतलं आहे.

"तब्येत बरी नाई का?" गयाबाईनं विचारलं.

 ते, कोणाकडेच न बघता, म्हणाले, "अमरचा फोन कुठं हाये?"

गयाबाई घराकडे वळली होती, ती मागे फिरली. त्या घरात ते नाव त्यांच्या तोंडून इतक्या दिवसांत पहिल्यांदा आलं होतं.

"पेटीत हाये. फुटका. काऊन?"

"कोणी नेला तं नाई?"

"कोण नेईन तो?"

उत्तमराव उठून गोठ्याकडे गेले. तेजस्विनी चुलीपाशी बसलेली होती. सिम काढल्याचं बाबांना कळलं की काय, अशी तिला भीती वाटली. त्यापलीकडे तिच्या डोक्यात काही आलं नाही. आज नको, उद्या सांगू, असं तिनं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नंबर दाखवायची कमांड चालू केली. दुपारी काळ्या खिडकीसमोर बसली. जेवणाची वेळ टळून गेली. आज फोन येत नाही असं वाटायला लागलं, आणि शब्द आला. रिंग. त्याच्या खाली नंबर.

ती नंबर लिहून घ्यायला पेन शोधत होती. दोन आकडे मनात म्हटले, पुढचे आपोआप तोंडात आले. शाळेच्या दाखल्यावर, बँकेच्या कागदावर, कॉलेजच्या फॉर्मवर, जिथं म्हणून पालकांचा नंबर मागतात तिथं तिनं हाच नंबर भरला होता.

तो बाबांचा नंबर होता.

रिंग. पुन्हा तोच नंबर. रिंग. पुन्हा.

 बाबा या सिमवर फोन कशाला करतील? सिम डोंगलमध्ये आहे हे त्यांना माहीत नाही. त्यांच्या लेखी हा नंबर अमरचा. म्हणजे बाबा अमरला फोन करून राह्यले. रोज. दुपारी. कापसात बसून.

आणि मग तिला काल आठवला. काल तिनं एटीए टाईप केलं होतं. बाबांच्या लेखी तो फोन अमरनं उचलला होता.

 खुर्ची मागे सरकून पडली. पडवीतून माय म्हणाली, "काय पडलं?"  पडद्यावर अजून शब्द उमटत होते आणि ती त्यांच्याकडे पाठ करून अनवाणीच वावराच्या वाटेनं धावत सुटली.

उत्तमराव बांधावरच्या कडुनिंबाखाली बसले होते. भाकरीचं फडकं सोडलेलं, भाकर तशीच. फोन कानाला. पोरीला धावत येताना पाहून त्यांनी तो झटकन मांडीखाली घातला, चोरी करताना सापडल्यासारखं.

"मायले काई झालं का?"

"नाई." तिला धाप लागली होती. "बाबा, तुमी अमरच्या नंबरवर फोन करून राह्यले होते."

ते तिच्याकडे बघत राहिले. बापाच्या डोळ्यांत एवढी भीती तिनं कधी पाहिली नव्हती.

"तुले कसं समजलं?"

तिनं सांगितलं. जमेल तसं, तुटक तुटक. पेटीतलं सिम, डोंगल, छपराचा बांबू, दुपारी तुटणारं नेट. काळ्या खिडकीतला शब्द. काल आपण टाईप केलेली तीन अक्षरं. सांगताना तिला कळत होतं की आपण बापाच्या हातातून काहीतरी काढून घेत आहोत, पण थांबता येत नव्हतं.

उत्तमराव ऐकून घेत होते. मध्ये त्यांनी एकदाच विचारलं, "म्हंजे काल तू उचलला?"

"म्या उचलला, बाबा. मले माहीत नव्हतं."

त्यांनी मान खाली घातली. हातानं जमिनीवरची ढेकळं फोडत राहिले. तेजस्विनी त्यांच्यासमोर मातीत बसली.

"पयले बंदच राहे तो," ते म्हणाले. "कधीमधी लावून पाहो. एक बाई तेलुगूत सांगे, बंद हाये म्हणून. मंग एक दिवस वाजला. भाकर खाऊन राह्यलो होतो, घास गळ्यात अडकला. म्याच अग्नी देल्ला त्याले. या हातानं. डोक्याले समजत होतं. पण वाजून राह्यला ना तो. तं रोज लावत गेलो. नुसता वाजे, कोणी उचले नाई. तेवढंच बरं वाटे."

"अन् काल..."

"काल उचलला."

त्यांचा आवाज फाटला. तेजस्विनीनं त्यांच्या हातावर हात ठेवला. 

"मंग तुमी ठेवला काऊन नाई?"

"कसा ठेवणार? बोललो. गंज बोललो, मन भरलं तोवर." ते कापसाकडे बघत होते. "त्याले सांगतलं, या साली बोंडं बरी आली. मोटारची वायर जळली होती, ते तू जोडून देल्ली तशीच म्या जोडली म्हणलं. तेजी घरून काम करते म्हणलं. मायले गुडघ्याचं औषध चालू हाये म्हणलं. तिकडून काईच आवाज नाई. म्या म्हणलं, नको बोलू, ऐक नुसता."

मग त्यांनी पोरीकडे बघून विचारलं, "कोणाले ऐकू गेलं का ते?"

खोटं बोलावं असं तिला क्षणभर वाटलं. "नाई, बाबा. त्या डोंगलमधून आवाज येतच नाई."

"बरं झालं," ते म्हणाले. आणि कडुनिंबाच्या बुंध्याला डोकं टेकवून उत्तमराव रडायला लागले. मोठ्यानं, तोंड उघडून, लहान पोरासारखे. शेजारच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बाया उभ्या राहून बघू लागल्या. तेजस्विनीला काय करावं कळेना. बाप रडला नाही याचं तिला इतके दिवस वाईट वाटत होतं. आता तो रडत होता तर ती मुळापासून हादरली होती. ती तिथंच बसून राहिली, त्यांचा हात धरून, ऊन कलेपर्यंत.

घरी आल्यावर तिनं डोंगल बांबूवरून सोडलं. सिम काढायला लागली तर उत्तमराव म्हणाले, "राहू दे. तुह्यं काम खोटी होईन."

"दुसरं सिम आणतो, बाबा. हे तुमी ठेवा."

गयाबाईला त्या दोघांनी मिळून सांगितलं. तिनं सगळं ऐकलं आणि उत्तमरावांवर रागावली. माय बाबांवर इतकी रागावलेली तेजस्विनीनं कधी पाहिली नव्हती. "एकट्यानंच बोलले तुमी त्याच्याशी? मले काऊन नाई सांगतलं? मले काई बोलायचं नव्हतं का?" उत्तमराव खाली मान घालून बसले.  त्या रात्री मात्र जेवताना त्या घरात अमरचं नाव कितीदा तरी निघालं, आणि कोणी उठून गेलं नाही.

पुढच्या आठवड्यात तेजस्विनीनं त्याच कंपनीचं नवं सिम आणलं. दुपारचं नेट तुटायचं थांबलं, मॅडमचं बोलणं थांबलं. अमरचं सिम एका साध्या बटणाच्या फोनमध्ये घालून भिंतीतल्या देवळीत ठेवलं. त्याच्यावर अधूनमधून खरे फोन येत. अमर गेल्याचं ज्यांच्यापर्यंत पोहोचलं नव्हतं अशी माणसं. वांकिडीचा एक ट्रॅक्टरवाला, मुधोळचा एक जण, ज्याच्या जीपचं वायरिंग त्यानं केलं होतं. उत्तमराव फोन उचलत. "मी त्याचा बाप बोलतो," म्हणत, आणि काय झालं ते सांगत. पलीकडचा माणूस चरकायचा. मग उत्तमरावच त्याला धीर द्यायचे, गाडी नीट चालते का विचारायचे. एकदा तो ट्रॅक्टरवाला बेल्याच्या बाजाराला आला तेव्हा वाट वाकडी करून घरी येऊन गेला. अमरनं जोडलेला दिवा अजून जळतो, हे त्यानं गयाबाईला तीनदा सांगितलं.

रिचार्ज संपत आलं तेव्हा उत्तमरावांनी विचारलं, "हे नाई भरलं तं नंबराचं काय होते?"

"काई महिने बंद राह्यते. मंग कंपनी दुसऱ्या कोणाले देते."

 गयाबाई दारात वाती वळत होती, ती थांबली. "मंग भरून टाक," उत्तमराव म्हणाले. "यंदा भरून टाक. पुढच्या साली पाहू."

तेजस्विनीनं लॅपटॉप मांडीवर घेतला आणि तिथंच बसल्या बसल्या भरून टाकलं.